स्वस्ताईचें कुलूप



आमच्या कपाटांत एक जुना स्मार्टफोन जपून ठेविलेला आहे. तो आतां चालत नाहीं. तरी तो टाकून देण्यास मन घेत नाहीं. इतकीं वर्षें वर्गांत गणित शिकवूनहि हिशेबाचा जो धडा मला आला नव्हता, तो त्यानें दिला.

माझी धाकटी बहीण अमेरिकेंत परिचारिका आहे. इ. स. २०१२ च्या अखेरीस तिनें तेथें आयफोन ५ घेतला. त्याची पूर्ण किंमत ६४९ डॉलर होती. परंतु टेलिफोन कंपनीशीं दोन वर्षांचा करार केल्यास तोच फोन १९९ डॉलरांस मिळत असे. नोकरी नवी, हातीं पैसा बेताचा. तिनें सही केली. वर्ष लोटतें न लोटतें तोंच कामासाठीं तिला दुसऱ्या गांवीं जावें लागलें. तेथें त्या कंपनीची रेंज नीट मिळेना. करार मोडावा तर जबर दंड, न मोडावा तर दरमहाचें बिल! अखेर तिनें दुसऱ्या कंपनीचा साधा फोन घेतला, जुन्याचें बिल चालूंच ठेविलें, आणि तो सुंदर फोन एका परिचिताबरोबर आईसाठीं नगरला पाठविला. तिला नुकताच मुलगा झाला होता. त्याचें मुख आजीच्या दृष्टीस पडावें, एवढीच तिची इच्छा.

मीं तो मोबाइलच्या दुकानांत नेला. आमचें सिमकार्ड घालून पाहतांच दुकानदार म्हणाला, “सर, हा लॉक आहे. ह्यांत त्या कंपनीखेरीज दुसरें कार्ड चालायचें नाहीं.” बहिणीनें कंपनीस विचारलें. करार पुरा होईपर्यंत कुलूप निघणार नाहीं, असें उत्तर आलें.

येथवर दोष कराराचा. पुढला दोष माझा. एवढी महाग वस्तु घरांत असतां दुसरी कशास घ्यावी, ह्या विचारानें मीं जवळजवळ वर्षभर दुसरा फोन घेतला नाहीं. घरीं इंटरनेटची अन्य सोय नव्हती. आईनें एकदांहि तक्रार केली नाहीं. २०१४ च्या शेवटीं कुलूप निघालें. पडद्यावर नातू दिसला, तेव्हां आई हंसून म्हणाली, “अगबाई, हा तर चालायलाहि लागला!” त्याचें बसणें, रांगणें, पहिलें पाऊल, ह्यांतलें कांहींच तिच्या वांट्यास आलें नाहीं. आज आई नाहीं, म्हणून तें वाक्य मला अधिकच लागतें.

आतां हिशेब पाहूं. ६४९ मधून १९९ वजा जातां ४५० डॉलर उरतात. २४ महिन्यांनीं भागल्यास दरमहा १८ डॉलर ७५ सेंट होतात. स्वतःचा फोन आणणारास तीच सेवा ह्याहून अधिक सवलतीनें मिळत असेल, तर करार तोट्याचा; सवलत कमी असेल किंवा मुळींच नसेल, तर फायद्याचा. त्या काळीं तेथील मोठ्या कंपन्या बहुधा दोघांकडूनहि सारखेंच बिल घेत. म्हणून ज्याचें बूड स्थिर, त्यास करार परवडे. मात्र दोन वर्षें उलटलीं तरी बिल आपोआप उतरत नसे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नसे.

हें जाणून पुढें सरकारांनीं लक्ष घातलें. ग्राहकास कुलूप काढून घेतां यावें असा कायदा अमेरिकेंत २०१४ मध्यें झाला. कॅनडानें १ डिसेंबर २०१७ पासून, तर ब्रिटननें डिसेंबर २०२१ पासून कुलुपबंद फोन विकण्यास बंदी केली. अमेरिकेंत आतां ३६ महिन्यांचे हप्ते रूढ झाले आहेत. सूट दरमहाच्या बिलांतून थोडी थोडी मिळते, आणि मध्येंच कंपनी सोडल्यास राहिलेली सूट बुडते. कुलुपाचें रूप बदललें, इतकेंच.

आपल्या देशांत बहुतेक फोन कुलुपाविना मिळतात. तथापि २०१७ सालीं निघालेल्या जिओफोनांत त्याच कंपनीचें कार्ड चालत असे; आणि हप्त्यांनीं फोन घेण्याचा प्रघात तर घरोघर झाला आहे. म्हणून पालकांस माझी विनंती आहे कीं, सही करण्यापूर्वीं मुलांस जवळ बसवून तीन प्रश्न कागदावर मांडावे. अखेरपर्यंत एकंदर किती रक्कम जाईल? मध्येंच सोडावें लागल्यास काय द्यावें लागेल? आणि तोंवर आपलें गांव, नोकरी व मिळकत आजच्यासारखींच राहतील काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर खुशाल घ्यावा. एकाचेंहि उत्तर डळमळीत असेल, तर साधा फोन रोख पैसे देऊन घ्यावा हें उत्तम.

मुलांनो, चौथा प्रश्न मी स्वतःस विचारावयास हवा होता. गेलेले पैसे परत येत नाहींत, हें कळत असूनहि त्यांच्यासाठीं आणखी काय गमवावयाचें? माझ्या बहिणीनें करारावर सही केली होती. मीं तर कशावरहि सही केली नव्हती. तरी वर्षभर बांधला गेलों, आणि त्याची किंमत आईनें दिली.