‘ब’ तुकडीतला माणूस

वयाची चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा ‘ब’ तुकडीत जाऊन बसलो आहे. चीनमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाची 2017 पासून ए, बी किंवा सी अशा वर्गात नोंद होते. 85 गुण पडले की ए, साठाच्या वर बी, उरलेले सी. गुण कशाचे? पगाराचे जास्तीत जास्त 20, शिक्षणाचे 20, वयाचे 15. चिनी भाषा कितीही उत्तम येवो, तिचे फार तर 5. शांघायमधल्या कचेरीत हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच फुटलं होतं. भाषेशी झटण्यापेक्षा पगार वाढवून घेणं चौपट फायद्याचं, हे इतक्या उघडपणे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पंचेचाळिशी उलटली की वयाचे 5 गुण कापले जातात, तेही आधीच छापून ठेवलेलं. रुसायला जागा नाही.

एकदा ही प्रतवारी पार पडली की परदेशी माणसाचं शांघायमधलं आयुष्य तसं सुखाचं असतं. नव्या घरात राहायला गेलं की 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची, पण हल्ली ती फोनवरून होते. भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे चौकोनी ठिपक्यांचा कोड दाखवून पैसे देता येतात, आणि 2023 पासून परदेशी बँकेचं कार्डही त्याला जोडता येतं. अडचण येते ती घरी बोलायची. व्हॉट्सॲप इकडे बंद, वीचॅट भारतात 2020 च्या जूनपासून बंद. दोन सरकारांनी मिळून मायलेकरांच्या गप्पांची अशी चोख व्यवस्था लावली आहे. त्याच वर्षी थांबलेली थेट विमानं सुरू व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

या शहरात मला सर्वांत बरोबरीची वागणूक मिळते ती कचऱ्याच्या डब्यांपाशी. 1 जुलै 2019 पासून शांघायमध्ये कचऱ्याचे चार प्रकार करावे लागतात: ओला, कोरडा, पुनर्वापराचा आणि घातक. डब्यांची दारं सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळीच उघडतात आणि तिथे दंडावर पट्टी बांधलेल्या निवृत्त आजीबाई उभ्या असतात. पिशवी उघडून दाखवावी लागते. मासळीचे काटे ओल्यात, मोठी हाडं कोरड्यात. नारळाची करवंटी झाडाची असूनही कोरड्यात, हे आम्हा नारळ खाणाऱ्यांना पटायला जड जातं. कायदा आला तेव्हा लोकांनीच एक सोपी युक्ती काढली होती. डुक्कर जे खाईल ते ओलं, डुक्करही ज्याला तोंड लावणार नाही ते कोरडं, खाऊन डुक्कर मरेल ते घातक, आणि जे विकून डुक्कर घेता येईल ते पुनर्वापराचं. चुकलात तर दंड 50 ते 200 युआन, मग तुम्ही कुठल्याही देशाचे असा. आजीबाई मला ओरडतात तेव्हा शेजारच्या बँक मॅनेजरला ओरडतात त्याच पट्टीत ओरडतात. तिथे प्रतवारी फक्त कचऱ्याची.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी आन्हुई प्रांतातल्या. शांघायमधल्या कितीतरी मोलकरणी त्याच प्रांतातून येतात. आमच्याच वसाहतीत त्या आणखी काही घरं करतात. मोहरी तडतडायला लागली की खिडक्या उघडतात आणि तेल फुकट घालवल्यासारखं माझ्याकडे बघतात. भारताबद्दल त्यांना नक्की माहीत असलेली एकच गोष्ट म्हणजे ‘दंगल’ सिनेमा. तो 2017 साली चीनमध्ये भारतापेक्षाही जास्त चालला. मुलींना बापाने इतकं दमवावं का, यावर त्यांचं आणि माझ्या बायकोचं भांडी घासता घासता बरंच बोलणं झालेलं आहे. तोडगा निघालेला नाही.

मावशींचा मुलगा गावी आजी-आजोबांकडे वाढला. हे समजायला मला वेळ लागला, कारण शांघाय ते आन्हुई हा वेगवान गाडीने काही तासांचा प्रवास आहे. अंतराचा मुळी प्रश्नच नव्हता. चीनमध्ये 1958 च्या कायद्यानं प्रत्येक कुटुंबाची नोंद एका गावाशी किंवा शहराशी बांधलेली आहे. तिला हुकोऊ म्हणतात. मावशींचा हुकोऊ गावचा. शांघायमध्ये बाहेरून आलेल्या चिनी माणसासाठीही गुणांचा तक्ता आहे, आणि तो पाहून मात्र मला हसू आलं नाही. मुलाला शांघायच्या सरकारी वाटेनं नववीच्या पुढे न्यायचं, इथूनच विद्यापीठाच्या परीक्षेला बसवायचं, तर आईबापांपैकी एकाचे 120 गुण भरावे लागतात. पदवीधराला शिक्षणाचेच 90 मिळतात, डॉक्टरेटवाल्याला 110. मावशींची शाळा लहानपणीच सुटली. शिवाय मालकाने सामाजिक विम्याचे हप्ते भरलेले असावे लागतात. चार घरची कामं करणाऱ्या बाईचा मालक कोण? माझी मुलगी मात्र पहिल्या वर्षापासून इथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत जाते. तिथे फी भरली की झालं.

2020 च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या 2 कोटी 48 लाखांच्या वर निघाली. त्यात 1 कोटीहून जास्त लोक, म्हणजे शंभरातले बेचाळीस, बाहेरच्या प्रांतांतले. आम्ही परदेशी सुमारे 1 लाख 64 हजार, शंभरात एकसुद्धा नाही. तरी ‘शांघायमधले बाहेरचे लोक’ म्हटलं की बातम्यांत, लेखांत आणि दारूच्या टेबलावर आम्हीच. चिनी नववर्षाच्या वसंतोत्सवाला हे एक कोटी लोक गावी निघाले की सकाळची न्याहारीची दुकानं बंद, पार्सलं लटकलेली, केस कापायला माणूस नाही. शहर कोण चालवतं ते त्या दिवसांत विचारावंच लागत नाही.

2022 साली कोविडमुळे शहर बंद झालं तेव्हाही तेच दिसलं. एप्रिल आणि मे, दोन महिने आम्ही फाटकाच्या आत होतो. इमारतीच्या वीचॅट गटावर भाजी एकगठ्ठा मागवली जायची आणि कोबीच्या बदल्यात कोकाकोला असे सौदे व्हायचे. वसाहतीच्या समितीतली बाई मुद्दाम दार ठोठावून आमची चौकशी करायची, परदेशी कुटुंब उपाशी राहायला नको म्हणून. त्याच दिवसांत जेवण पोचवणारे कितीतरी स्वार पुलाखाली नाहीतर तंबूत झोपत होते. खोलीवर परतले असते तर फाटक त्यांच्यामागेही बंद झालं असतं आणि मजुरी बुडाली असती. मावशी गावच्या बायकांबरोबर भाड्याच्या एका खोलीत अडकल्या होत्या. त्यांचं दार कुणी ठोठावलं नाही.

मी डोंबिवलीत वाढलो. ‘बाहेरचे’ हा विषय लोकल ट्रेनच्या डब्यात मी पोटभर ऐकलेला आहे, तेव्हा फुशारकी मारायचं कारण नाही. मुंबईत बाहेरून आलेल्याला शिव्या बसतात, कधी मारही बसतो. पण जौनपूरहून आलेल्या भाजीवाल्याच्या पोराला बारावीसाठी जौनपूरला परत जावं लागत नाही. आपल्याकडून शांघाय बघायला येणारे पाहुणे हटकून म्हणतात, इथे झोपडपट्टी कुठे दिसत नाही हो! खरं आहे, दिसत नाही. त्या टापटिपीचा काही खर्च आन्हुईतल्या आजी-आजोबांच्या नावावर पडतो.

इथले परदेशी भेटले की एक तक्रार ठरलेली: कितीही वर्षं राहा, हे लोक आपल्याला आपलं म्हणत नाहीत. जन्मभर पाहुणा. मीही ती आळवलेली आहे. पण पाहुण्याला ताट वाढलेलं असतं. वैतागलो तर मी विमानात बसून जाऊ शकतो, आणि माझ्या जाण्याने माझ्या मुलीची शाळा सुटत नाही, बदलते. ही तक्रार आता मला ऐकवत नाही.

शांघायला आलात तर नदीकाठच्या जुन्या इमारती आणि पलीकडचे मनोरे बघालच. पण एखाद्या शनिवारी किंवा रविवारी दुपारी पीपल्स पार्कमध्येही जा. मेट्रोच्या 1, 2 आणि 8 नंबरच्या गाड्या तिथे थांबतात. लग्नाच्या मुलामुलींचे आईबाप जमिनीवर छत्र्या उघडून ठेवतात आणि त्यांवर कागद लावतात. सोबत चिनी वाचता येणारं कुणी न्या. वय, उंची, शिक्षण, पगार, घर यांच्या बरोबरीने हुकोऊ कुठला तेही अनेक कागदांवर लिहिलेलं असतं, आपल्या वधू-वर मंडळाच्या फॉर्मात जातीचा रकाना असतो तसं. मुलगा शांघायचा असेल तर ते आवर्जून सांगितलेलं असतं. कागद निवांत वाचा, कुणी काही म्हणत नाही. फोटो मात्र काढू नका, आईबाप चिडतात.