चुटकीचे लाडू

'छोटा भीम' 2008 साली पोगोवर सुरू झाला आणि आमच्या गल्लीतली सगळी पोरं ढोलकपूरला राहायला गेली! महाभारतातला भीम यात नावापुरताच. पण टोळीत चुटकी नावाची मुलगी आहे, म्हणून मीही बघू लागले.

भीमाला बळ येतं लाडू खाऊन. लाडू करते टुनटुन मौसी, म्हणजे चुटकीची आई. म्हणजे बघा, शक्ती मुळात त्या घरातली, ती खर्च करायची मात्र भीमाने. चुटकी वेळ आली की लढते, नाही असं नाही. पण अंगणातल्या खेळात भीम व्हायला भांडणं व्हायची आणि चुटकी व्हायला कुणी पुढे येत नसे. माझी नात एकदा वैतागून म्हणाली, "आजी, लाडू तर खोटेच आहेत ना, मग मीच का आणायचे?" मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर बहुधा दुकानात आहे. बॅटमॅनच्या गाजलेल्या कार्टून मालिकेचे लेखक पॉल डिनी यांनी 2013 साली जाहीरपणे सांगितलं, की सुपरहीरोंच्या कार्टूनला मुली प्रेक्षक म्हणून जास्त आल्या तर वाहिनीच्या अधिकाऱ्यांना ते नको असतं. का, तर मुली खेळणी घेत नाहीत! आम्ही वर्गात पुढे कोणाला बसवायचं ते उंचीवरून ठरवायचो. इथे खिशावरून ठरतं.

आणि मुलींना बोलावलं तेही खेळण्यांसाठीच. हीमॅनची बहीण शी-रा 1985 मध्ये आली ती मॅटेल कंपनीला मुलींकडेही बाहुल्या विकायच्या होत्या म्हणून. 2018 मध्ये ती नव्याने काढली. आता ती शाळकरी वयाची पोर दिसते, झग्याखाली आखूड चड्डी घालते, म्हणजे उड्या मारायला मोकळी. तर इंटरनेटवर मोठमोठ्या बाप्यांनी ओरड केली, ही सुंदर दिसत नाही म्हणून. कार्टून पोरींचं, तक्रार बाप्यांची! मग आधीची कोणासाठी काढली होती, हा प्रश्न पडतोच.

आमच्या नगरलाही एक वीरांगना आहे. 1595-96 च्या वेढ्यात मुघलांनी सुरुंग लावून किल्ल्याचा तट पाडला, तेव्हा चांदबीबीने ते भगदाड रातोरात बुजवून घेतलं. (डोंगरावर शाळेच्या सहलींना दाखवतात तो 'चांदबीबी महाल' मात्र सलाबतखानाची कबर आहे. असो.) उद्या कुणी तिच्यावर कार्टून काढलंच तर कंबर बारीक करतील, चिलखत घट्ट करतील, वय वीस करतील. ती तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपासची विधवा बाई होती. अशी बाहुली दुकानात खपेल का, कोण जाणे. एक गिऱ्हाईक आमच्या घरात आहे.