आकाशातील नोकरी, जमिनीवरच्या अटी

२०१७ च्या एप्रिलमध्ये ‘उडान’ योजनेखाली नांदेड-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली आणि आमच्या हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावातील माणसेही हवाई प्रवासाच्या गोष्टी सांगू लागली. मध्यंतरी या सेवेत खंड पडला. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने नांदेडहून पुन्हा उड्डाणे सुरू केली. प्रवास करून आलेला माणूस ढगांचे वर्णन करतो, खिडकीशेजारच्या जागेचे करतो, तिकीट किती स्वस्तात मिळाले हे तर आवर्जून सांगतो. दारात हात जोडून उभ्या असलेल्या मुलीविषयी मात्र ‘फार अदबीने बोलतात हो’ यापलीकडे काही ऐकायला मिळत नाही. माझी पुतणी, म्हणजे थोरल्या बंधूंची धाकटी कन्या, गेली सहा वर्षे मुंबईला एका खासगी विमान कंपनीत हेच काम करते. बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेत मी सेवाशर्तींची परिपत्रके वाचत आलो. निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही. त्यामुळे तिच्या नोकरीच्या अटी मी समजावून घेतल्या आणि त्यामागचा इतिहासही वाचला. त्यातील काही भाग आपल्या वाचकांपुढे, विशेषतः उपवर मुला-मुलींच्या पालकांपुढे, ठेवावासा वाटतो.

आधी नावाविषयी. ‘हवाई सुंदरी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यातील विचित्रपणा कोणाला जाणवतच नाही. बँकेत रोखपालाचे काम करणाऱ्या भगिनीला कोणी ‘रोकड सुंदरी’ म्हटल्याचे मी ऐकले नाही. अमेरिकेत १५ मे १९३० रोजी एलेन चर्च या पहिल्या महिला सेविका म्हणून विमानात चढल्या, त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या. त्यांच्याबरोबर घेतलेल्या इतर सातजणीही परिचारिकाच होत्या. त्या दृष्टीने ‘विमान परिचारिका’ हा शब्द अधिक नेमका आहे आणि मी तोच वापरणार आहे.

विमानात या मुली खाणे-पिणे देण्यासाठी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. नियम निराळे सांगतो. आपल्या देशात विमानातील दर पन्नास आसनांमागे किमान एक परिचारक किंवा परिचारिका असावीच लागते. चहा द्यायचा असो वा नसो. म्हणूनच पाऊणशे आसनांच्या लहान विमानातही दोघी असतात. विमानाला मान्यता देताना निम्मेच दरवाजे वापरून सर्व माणसे नव्वद सेकंदांत बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. हे दरवाजे उघडण्याचे, घसरगुंडी फुगवण्याचे आणि घाबरलेल्या माणसाला सामान सोडून उडी मारायला लावण्याचे काम त्यांचे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटले. आतील ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. नऊ परिचारिकांनी कर्णे घेऊन आणि प्रसंगी नुसत्या आवाजाने लोकांना दिशा दाखवली. पुतणी सांगते की दरवर्षी अशा प्रसंगांची उजळणी होते, परीक्षा होते आणि तीत नापास झालेल्या मुलीला उड्डाणावर पाठवत नाहीत. आमच्या बँकेतही परीक्षा असत, पण त्या बढतीसाठी. त्यात नापास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर येऊन बसे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझे एम.कॉम.चे शिक्षण सुरू होते त्या काळात, २८ ऑगस्ट १९८१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा’ या खटल्याचा निकाल दिला. मुंबईत मुख्यालय असलेल्या या सरकारी महामंडळाचे नियम तेव्हा असे होते : परिचारिका वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होईल, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केला तर त्या दिवशी निवृत्त होईल, आणि पहिल्यांदा गरोदर राहिली तर तेव्हा निवृत्त होईल. यांपैकी जे आधी घडेल ते लागू. पस्तीसनंतरची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर, एकेक वर्षाने, फार तर पंचेचाळीसपर्यंत. त्याच विमानात, त्याच गल्लीत, जवळपास तेच काम करणारा पुरुष सहायक मात्र अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरी करी. ‘निवृत्त’ या शब्दाचा इतका सभ्य गैरवापर मी अन्य कोणत्या परिपत्रकात पाहिलेला नाही.

न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलेल्या निकालाने गरोदरपणाची अट रद्द केली, आणि तीही कठोर शब्दांत. असा नियम म्हणजे भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. संचालकांच्या मर्जीवर मुदतवाढ ठेवणारी तरतूदही गेली. इथवर वाचून आनंद होतो. पुढचे वाचून मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. चार वर्षे विवाह न करण्याची अट न्यायालयाने योग्य ठरवली. मुलगी एकोणिसाव्या वर्षी लागते, तेविसापर्यंत थांबली तर तिच्या प्रकृतीला आणि कुटुंबनियोजनाला बरेच, असा युक्तिवाद मान्य झाला. स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचे संवर्ग वेगळे आहेत, म्हणून त्यांच्या अटींतील फरक म्हणजे भेदभाव नव्हे, हेही मान्य झाले. संवर्ग वेगळे केले कोणी? व्यवस्थापनानेच. लेखापरीक्षणात आम्ही असा हिशेब मान्य केला नसता, एवढे नम्रपणे म्हणतो.

या ‘वेगळ्या संवर्गा’चा परिणाम विमानातील आपसांतल्या संबंधांवर दीर्घकाळ राहिला. उड्डाणातील पर्यवेक्षकाचे पद पुरुषांनाच मिळे. वीस-वीस वर्षे सेवा झालेली परिचारिका जमिनीवर ज्येष्ठ असली तरी विमानात शिरताच नोकरीत तिच्या मागून आलेल्या पुरुषाच्या हाताखाली काम करी. २००५ च्या अखेरीस एअर इंडियाने हे पद स्त्रियांना खुले केले, तेव्हा पुरुष सहकारी न्यायालयात गेले. एकत्र जेवणाऱ्या, एकाच हॉटेलात उतरणाऱ्या, संकटात एकमेकांवर विसंबणाऱ्या माणसांचा हा तंटा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने दिला. बँकेत आमच्या शाखेत पहिल्या महिला व्यवस्थापक आल्या तेव्हाही काही दिवस कुजबूज होती. परंतु ज्येष्ठता यादी एकच असल्याने वाद चहाच्या टेबलापुढे सरकला नाही. यादी एक असणे किती मोलाचे असते, हे नोकरी केलेल्यालाच कळेल.

वैमानिक आणि परिचारिका यांच्यातील अंतराची किंमत तर जिवावर बेतणारी असते. १० मार्च १९८९ रोजी कॅनडातील ड्रायडेन येथे एक विमान उड्डाण करताच कोसळले आणि २४ माणसे दगावली. पंखांवर बर्फ साचला होता. तो परिचारिकेला दिसला होता, पण तिने वैमानिकांना सांगितले नाही. असली माहिती आमच्याकडून ऐकणे वैमानिकांना आवडत नाही, असा आपला अनुभव असल्याचे तिने चौकशीत सांगितले. त्याच काळात जगभर हे पटत गेले की वैमानिक आणि परिचारिका यांना एकत्र प्रशिक्षण द्यायला हवे आणि कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे हा उद्धटपणा न मानता कर्तव्य मानायला हवे. पुतणी सांगते की आता उड्डाणापूर्वीच्या बैठकीत कप्तान स्वतः म्हणतो, काही वेगळे दिसले, वेगळा वास आला, तर लगेच कळवा. दार बंद झाल्यावर ती आपल्या बाजूच्या दाराची कळ लावते आणि समोरची सहकारी ती तपासते. मग ही तिची तपासते. मला लगेच तिजोरीच्या दोन किल्ल्या आठवल्या. तिजोरी दोघांनी मिळून उघडायची, यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो.

एक फरक मात्र मोठा आहे. माझा किल्लीचा जोडीदार वर्षानुवर्षे तोच असे. हिला जवळजवळ रोज नवे सहकारी. ओळख होण्याची वेळ बैठकीच्या काही मिनिटांपुरती. तरीही त्यांच्यात एक सख्य असते. संवत्सरीला हिची पाळी लागली तेव्हा गोव्याच्या एका ख्रिश्चन मैत्रिणीने ती आपल्या अंगावर घेतली, आणि २५ डिसेंबरला हिने तिच्या जागी उड्डाण केले. दोघींनी हा व्यवहार कोणत्याही करारपत्राशिवाय तीन वर्षे चालवला आहे.

कष्टांविषयी थोडे सांगतो, कारण घरच्यांना गणवेशच दिसतो. महिन्याचे वेळापत्रक हाती येते, तेही बदलते. पहाटेच्या उड्डाणासाठी रात्री दोन-अडीचला गाडी दारात येते. वर्षाला उड्डाणाचे एक हजार तास ही कायद्याची कमाल मर्यादा. पण प्रवासी चढताना-उतरताना, विमान खोळंबलेले असताना जे राबणे होते ते सहसा उड्डाणाच्या तासांत धरले जात नाही आणि पगाराचा मोठा हिस्सा तर त्या तासांवर अवलंबून. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार परिचारकांनी याच प्रश्नावर संप केला. आपल्याकडे मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बऱ्याच कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, उड्डाणे रद्द झाली, सुमारे पंचवीस जणांना कामावरून काढले गेले आणि श्रम आयुक्तांसमोरील बैठकीनंतर परत घेतले गेले. प्रवाशांना असे अडवणे मला रुचत नाही. तथापि बँकेत आमच्या संघटनेशी व्यवस्थापन ठरावीक काळाने टेबलाशी बसे, म्हणून आम्हाला खोटा ताप आणण्याची गरज क्वचितच पडली, हेही खरे.

आपल्या घरांतील शंका वेगळ्याच असतात. वहिनींना पहिली चिंता अन्नाची होती : ती मांसाहाराचे ताट हातात घेते का? घेते. स्वतः खात नाही, डबा घरून नेते. आणि आगाऊ नोंदवलेले जैन भोजन मागणाऱ्या प्रवाशाला ते ताट तीच नेऊन देते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा निश्चिंतपणा आपल्याला आवडतो म्हणते. मी वहिनींना एवढेच म्हणालो की मराठवाड्यातील कुक्कुटपालनाच्या किती कर्जप्रकरणांवर माझ्या सह्या आहेत ते मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल, आणि त्या सह्यांबद्दल मला घरात कोणी कधी प्रश्न विचारला नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. गेल्या वर्षी एक चांगले स्थळ आले. मुलगा शिकलेला, घर खानदानी. बोलणी जवळजवळ ठरली, आणि मग मध्यस्थाकरवी निरोप आला की मुलीने विवाहानंतर ‘हे’ काम सोडावे. हवी तर जमिनीवरची एखादी नोकरी करावी. बंधू मला म्हणाले, “तू शिकलेला आहेस, तूच तिला समजाव.” मी तिला बोलावले आणि आपल्या संग्रहातील त्या १९८१ च्या निकालाची प्रत वाचायला दिली. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. सकाळी चहाच्या वेळी तिने बंधूंना विचारले, “पप्पा, कंपनीने ही अट कधीच काढून टाकली. पाहुणे आता परत घालणार का?” बंधू काही बोलले नाहीत. वहिनींनी दोनदा साखर घातली. स्थळ पुढे गेले नाही. पाहुण्यांशी आमचे संबंध मात्र पूर्वीसारखेच चांगले आहेत, आणि त्यांचा मुलगा खरोखरच गुणी आहे.

पुतणीला आता केबिन प्रभारीची जबाबदारी मिळाली आहे. म्हणजे मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जे घडेल त्याचा जबाब कप्तानाला तीच देते. यंदाच्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी बंधूंनी तिची माहिती लिहिली, तीत व्यवसायाच्या रकान्यात ‘खासगी कंपनीत नोकरी’ असे मोघम घातले होते. सुट्टीवर आली तेव्हा तिने ते खोडून स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘विमान परिचारिका, केबिन प्रभारी. विवाहानंतरही सेवेत राहणार.’ बंधूंनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग शुद्धलेखन पाहण्यासाठी माझ्याकडे पाठवला. ‘परिचारिका’मधील एक वेलांटी तेवढी दुरुस्त करावी लागली.