हवेचा हिशेब

आपल्या भाषेत हवेची जेवढी उपेक्षा झाली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची झाली असेल. रिकामा माणूस हवा खायला जातो, चोर तुरुंगाची हवा खातो, नव्याने पैसा झालेल्याच्या डोक्यात हवा जाते, आणि बोलायला काहीच उरले नाही म्हणजे आपण हवापाण्याच्या गप्पा मारतो. हवा म्हणजे काही नाही, असाच एकंदर समज. मला मात्र हवेइतका चोख हिशेब ठेवणारा दुसरा कोणी भेटलेला नाही; आणि आमच्या वाशिंदच्या बाजारात हिशेबी माणसांची वाण आहे असे नाही!

या हिशेबाचा पहिला धडा सायकलच्या दुकानात मिळतो. पंपाच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दांडा खाली रेटा. निम्म्यापर्यंत तो निमूट जातो. पुढे मात्र तसूतसूसाठी झगडावे लागते. रॉबर्ट बॉइल या गृहस्थाने १६६२ मध्ये हेच मोजून सांगितले. तापमान तेच ठेवून हवेची जागा निम्मी करा, दाब दुप्पट होईल. पाव करा, चौपट होईल. दुकानदार काही न मोजताच वैशाखात बजावतो, "चाक टम्म भरू नका, उन्हात फुटेल." त्याचेही गणित खरेच आहे. हवेचे खरे शून्य बर्फाच्याही खाली २७३ अंशांवर असते. चाकातली हवा २७ अंशांवरून ५७ वर गेली, की तिथून मोजता ३०० चे ३३० होतात. दाबही तेवढाच, म्हणजे दहाव्या हिश्श्याने वाढतो.

दुसरा धडा स्वयंपाकघरात. आमच्याकडे तांदळाची भाकरी. तव्यावरून काढून निखाऱ्यांवर टेकवली, की पाहता पाहता ती फुगून वर येते. आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. दोन पापुद्र्यांमध्ये ती मिळाली तर भाकरी फुगते. कुठे चीर गेली असेल तर वाफ तिथून निसटते आणि बोलणी सून खाते! वाफेबरोबर आतली हवाही पसरते. तापलेली हवा पसरते हे झाक शार्ल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८७ च्या सुमारास ताडले होते, पण छापले मात्र नव्हते. १८०२ मध्ये गे-ल्युसाकने आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा आधीचे श्रेय त्याने शार्लला देऊन टाकले. माणसेही कधी कधी हवेइतकी चोख वागतात ती अशी.

तिसरा धडा आगगाडीत. रेल्वे वाशिंदला १८५५ मध्ये आली. पण थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडले. त्या वाटेने जाताना बटाट्याच्या काचऱ्यांची बंद पुडी जवळ ठेवावी. वाशिंदला नरम असलेली पुडी इगतपुरीला उशीसारखी फुगते. आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर आलेलो असतो. बाहेरच्या हवेचा भार सातएक टक्क्यांनी उतरतो, म्हणून आतली हवा जरा हातपाय पसरते.

आणि आपली छाती? तीही एक भाताच आहे. छातीखालचा पडदा खाली सरकतो, आतली जागा वाढते, दाब किंचित उतरतो आणि बाहेरची हवा आपण होऊन आत येते. श्वास घेतो असे आपण नुसते म्हणतो. खरे पाहता आपण फक्त जागा करून देतो.

आमच्या आबांना ही जागा करून देणेच अवघड झाले होते. १९८२ च्या संपापर्यंत ते मुंबईच्या एका गिरणीत होते. गिरणी सुटली, पण कापसाची धूळ छातीत राहून गेली. म्हातारपणी घरात प्राणवायूचा सिलिंडर आला. डिसेंबर २०१५ मधली एक रात्र मला आठवते. बदली सिलिंडर सकाळी कल्याणहून यायचा होता. नऊ वाजता काटा १२० वर होता. सिलिंडर दहा लिटरांचा. म्हणजे बाहेरच्या दाबाने मोजला तर आतला वायू बाराशे लिटर. मिनिटाला दोन लिटर लागत होते. सहाशे मिनिटे, दहा तास, सकाळचे सात. मी हे कॅलेंडरच्या पाठीमागे मांडून ठेवले.

बारा वाजता काटा ८४ वर हवा होता. तो त्याच्या दोन घरे खाली! माझ्या पोटात गोळा आला. गळते आहे की काय म्हणून जोडाला कान लावला, आवाज नव्हता. तेवढ्यात सौभाग्यवतीने आबांच्या अंगावर दुसरी गोधडी टाकली आणि कोडे सुटले. रात्र चढली तशी खोली सहाएक अंशांनी गार झाली होती. तीनशेत सहा, म्हणजे शंभरात दोन. प्राणवायू कुठे गेला नव्हता. थंडीने त्याचा जोर तेवढा उतरला होता.

"किती उरलंय रे?" आबांनी विचारले.

"सकाळपर्यंत पुरेल, आबा."

"कोण म्हणतो?"

"बॉइल म्हणून एक साहेब होता, तो म्हणतो."

"माणूस भरवशाचा दिसतो," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले.

साडेसहाला बदली सिलिंडर दारात आला. त्यानंतर आबांनी आणखी दोन दिवाळ्या पाहिल्या.

यंदा अंगणात पणती लावाल तेव्हा तिच्या ज्योतीकडे थोडा वेळ पाहा. तापलेली हवा पसरते, हलकी होते, वर जाते. तिच्या जागी खालून गार हवा येते, आणि म्हणून ज्योत उभी राहते. पणतीसुद्धा श्वास घेत असते. तिला वाऱ्यापासून जपावे. पण अगदी बंदिस्त करू नये.