श्वाननिद्रा

विद्यार्थ्याच्या अंगी असावीत म्हणून जी पाच लक्षणे एका जुन्या संस्कृत सुभाषितात सांगितली आहेत, त्यांत कावळ्याची खटपट आणि बगळ्याची एकाग्रता यांच्या पंक्तीला कुत्र्याची झोपही बसविलेली आहे. झोप घ्यावी ती सावध घ्यावी, पान हलले तरी मोडेल अशी घ्यावी, हा त्याचा भावार्थ. हे सुभाषित घोकून किती विद्यार्थी पहाटे उठू लागले ते सांगवत नाही. परंतु ज्या प्राण्याच्या झोपेचा हा गौरव, त्याचे स्वतःचे मत घेण्याचे सुभाषितकाराला सुचलेले दिसत नाही. आमच्या मोतीला कोणी विचारले असते, तर हा सद्गुण त्याने समस्त विद्यार्थिवर्गास आनंदाने दान करून टाकला असता. कारण गेल्या पावसाळ्यात त्या बिचाऱ्याला रात्रीची झोप अशी ठाऊकच राहिली नव्हती. आणि ती झोप चोरणारा चोर म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडात नव्याने आलेले, त्याच्याच जातीचे, काही महिन्यांचे एक पिल्लू होते.

मोती हा काही नामांकित कुळातला नव्हे. बारा वर्षांपूर्वी मुलुंडच्या बाजारात एका भाजीच्या गाडीखाली तो आम्हांस भिजत बसलेला सापडला. तेव्हापासून आमच्या घरचे अन्न आणि आमच्या घरची शिस्त या दोहोंचाही त्याने सारख्याच समाधानाने स्वीकार केला आहे. शेजारचे पिल्लू बीगल जातीचे. ही जात इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी जोपासली गेली. कळपाने धावायचे आणि शेतामागून शेते ओलांडून जाईल अशा आवाजात एकमेकांना साद घालायची, हा तिचा पिढीजाद व्यवसाय. असा खानदानी गवई मुलुंडच्या दोन खोल्यांत एकटाच कोंडला, तर तो काय करील? रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारचे दार ओढले जाई, जिन्यावरची पावले विरत, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडे आलाप सुरू होई. मध्यंतरे होत, पण पहाटेपर्यंत भैरवी होत नसे.

आम्हा माणसांना हा आवाज भिंत आणि पंखा यांतून गाळून येई. कुशीवर वळले की तो सुसह्य होई. मोतीची गोष्ट वेगळी. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो. कुत्र्याचा कान सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत पोहोचतो. त्यात त्याच्या झोपेची घडणही निराळी. ॲडम्स आणि जॉन्सन या ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासकांनी १९९३ साली चोवीस कुत्र्यांच्या रात्री तपासून पाहिल्या. आठ तासांत कुत्रा सरासरी तेवीस वेळा झोपतो आणि तितक्याच वेळा जागा होतो. सोळा मिनिटे झोप, पाच मिनिटे जाग, असा हा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे जागे होणे हा त्याच्या निद्रेचा दोष नव्हे, स्वभावच होय. मात्र त्या पाच मिनिटांत सारे कुशल आहे अशी खात्री पटली, तरच पुढची सोळा मिनिटे त्याच्या पदरात पडतात. मोतीला ती खात्री पटत नव्हती.

पटावी तरी कशी? मुलुंडच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे रान आहे. त्यात बिबटे आहेत, आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासकांस आढळून आले आहे. या बाजूच्या कुत्र्याने रात्रीची हाक ऐकून न ऐकल्यासारखी करणे हे शहाणपणाचे नाही, एवढे ज्ञान मोतीने गाडीखालच्या बालपणातच मिळविले असावे.

पंधरा दिवसांत त्याचे खाणे निम्म्यावर आले. दिवसा तो झोपू पाही. परंतु कुकरची शिट्टी, दारावरची घंटा आणि कुरिअरवाले यांनी भरलेला मुंबईचा दिवस कोणाला झोपू देतो? एके दिवशी घरातील पाच वर्षांचे मूल सवयीप्रमाणे त्याच्या अंगावर रेलले, तो मोती दात दाखवून गुरगुरला. बारा वर्षांत असे कधी घडले नव्हते. मूल रडले नाही, नुसते आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचा भरवसा सुटला की पुढे काय बोलावे लागते, ते प्रत्येकास ठाऊक होते आणि उच्चारायचे कोणालाच नव्हते.

पशुवैद्यांनी मोतीचे कान, दात व हृदय तपासले. वार्धक्यात काही कुत्र्यांचा मेंदू थकतो आणि ती रात्रभर येरझारा घालतात, तसेच हे असेल काय, अशी शंका त्यांनी बोलून दाखविली. त्या शंकेचे निरसन गणपतीने केले. शेजारचे जोडपे पिल्लासह पाच दिवस कोकणात गेले. इकडे कोपऱ्यावरच्या मंडपात ढोलताशांचा गजर चालला होता, खिडक्यांची तावदाने थरथरत होती. आणि मोती पाय ताणून, तोंड उघडे टाकून घोरत होता! म्हणजे त्याची झोप आवाजाने मोडत नव्हती. मोडत होती ती आवाजातल्या मजकुराने. ढोलाला त्याच्याकडून काही नको होते. त्या पिल्लाला हवे होते.

हे ध्यानात आल्यावर तोवर चाललेले आमचे उपाय कसे अपुरे होते याचा उलगडा झाला. आम्ही त्याचे अंथरूण सामाईक भिंतीपासून दूर स्वयंपाकघरात नेले होते, पंखा मोठा ठेवला होता, रात्री विजेवर चालणारा तंबोरा मंद सुरात लावून ठेवला होता, संध्याकाळचा फेरफटका दुप्पट केला होता. या सर्वांचा थोडाबहुत गुण आला. तथापि विलाप सुरू झाला की मोती उठे, नखे वाजवीत बैठकीत येई, भिंतीला कान लावून बसे, आणि मग दाराशी जाऊन आमच्याकडे पाही. तो उलट भुंकत नसे. 'कोणी तरी रडत आहे, तुम्ही उठत का नाही?' एवढेच ते पाहणे होते.

कायद्याचे साह्य घेता आले नसते असे नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ धरली असून, निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. उलटपक्षी, पशुकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी बजावले आहे की, भुंकण्याच्या सबबीवर गृहसंस्थेला कुत्री पाळण्यास बंदी घालता येत नाही. पाळणाऱ्यांनी रात्री ती शांत राहतील असा प्रयत्न मात्र करावा. कुत्र्यामुळे जागा राहणारा माणूस कायद्याला ठाऊक आहे; कुत्र्यामुळे जागा राहणारा कुत्रा त्याने अजून पाहिलेला नाही. आमच्या इमारतीत तोवर फलकावर एक निनावी चिठ्ठी लागली होती: 'पिल्लाचा बंदोबस्त करावा.' महाभारताच्या आदिपर्वातील सरमेची कथा या वेळी आम्हांस आठवली. जनमेजयाच्या भावांनी यज्ञमंडपात तिच्या पिल्लाला मारले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेदेखील नव्हते. तेव्हा देवांची ती कुत्री थेट राजासमोर उभी राहिली आणि तिने विचारले, की याचा अपराध काय? सभेत कोणालाही उत्तर देता आले नाही. आमच्या फलकावरच्या चिठ्ठीलाही हाच प्रश्न विचारता आला असता.

एका रविवारी सकाळी आम्ही शेजारची घंटा वाजविली. दार उघडणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांत मोतीच्या डोळ्यांतलीच लाली होती. ते पतिपत्नी दोघेही ऐरोलीच्या पुलापलीकडील कचेऱ्यांत अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करीत. आठवड्यातील चार रात्री दोघांची पाळी एकदमच येई. आम्ही हकीकत सांगितली, तशी ती मुलगी थक्क झाली. "पण काका, हा तर कधीच रडत नाही हो! आम्ही येतो तेव्हा शेपटी हलवत दाराशीच असतो." ती खोटे बोलत नव्हती. धन्यासाठी रडणारे जनावर धनी जाताच रडू लागते आणि त्याची चाहूल लागताच थांबते. सगळ्या इमारतीला ऐकू येणारे ते रडणे ज्यांच्यासाठी होते, त्या दोघांच्याच कानी कधी पडले नव्हते. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने तेवढेच सांगायचे ठेवले होते.

पुढचे सारे सामान्य आहे. दोन्ही कुत्र्यांची भेट प्रथम खाली आवारात, मोकळ्या जागेत घडविली. मोतीने त्या बालकाची विचारपूस हुंगून केली आणि त्याच्या आगाऊपणाबद्दल दोनदा दटावले. शेजाऱ्यांनी पाच मिनिटे बाहेर जाऊन परत येणे, मग दहा, मग वीस, असा पिल्लाच्या एकांतवासाचा अभ्यास सुरू केला. आपली न धुतलेली एक चादर त्याच्या अंथरुणात ठेवली. ज्या रात्री दोघांची पाळी एकत्र येते, त्या रात्री पिल्लू आमच्या बैठकीत निजते. मोती त्याच्यापासून चार हात दूर निजतो. सलगी त्याला खपत नाही. मध्यरात्री तो उठतो, मान उंचावून पाहतो, आणि पुन्हा डोके पंजांवर टेकतो. खाणे पूर्ववत झाले आहे. पाच वर्षांचे ते मूल पुन्हा त्याच्यावर रेलते, पण आता आधी त्याला हाक मारते. आमच्या चपलांचे दोन जोड मात्र या व्यवस्थेत कामी आले.

चाळीत भिंती पातळ होत्या म्हणून रडण्याचा आवाज येई. परंतु कोणाचे मूल, कशासाठी रडते, हेही आवाजाबरोबरच येई, आणि एखादी आजी उठून दार ठोठावी. आता आवाज तेवढा येतो. बाकीचा मजकूर बंद दाराआड राहतो. त्या अर्धवट बातमीलाच आपण उपद्रव म्हणतो. मोतीला तिचा उरलेला अर्धा भाग हवा होता. सुभाषितकाराने श्वाननिद्रेतला सावधपणा पाहिला तो विद्यार्थ्यापुरता. गृहस्थाने तो थोडा फार अंगी बाणविण्यास काही हरकत नसावी.