खालांचे दादा

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला गेलो की चोरबाजारात आमची एक फेरी ठरलेली. तिथे जुन्या फोटोंच्या ढिगात एक कार्ड मिळाले. पाठीवर जर्मन अक्षरे. पुढे साफे बांधलेले आपल्याकडचे शिपाई, मागे मशीद. नाव कुणाचेच नाही.

पुस्तके चाळली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बर्लिनजवळ वुन्सडॉर्फला मुख्यतः मुसलमान कैद्यांसाठी छावणी उभारली, ‘अर्धचंद्र छावणी’. हिंदुस्थानी शिपाईही तिथे होते. १९१५ साली त्यांच्यासाठी लाकडी मशीद बांधली. पण हेतू सवाबाचा नव्हता. कैद्यांना इंग्रजांविरुद्ध फितवायचे होते. त्यासाठीच ‘हिंदोस्तान’ हे पत्र उर्दू-हिंदीत निघे, मशिदीची कार्डे छापली जात. पुढे मशीद पाडली गेली, कार्डे उरली.

रत्नागिरीत आमच्या मोहल्ल्यातल्या खालांनी कार्ड पाहिले आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवले. “मास्तर, हे माझे दादा! नाक बघा, अगदी अब्बांचे.” दादा बोटीवर खलाशी. त्याच लढाईत गेले ते परतले नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो नाही.

‘हो’ म्हणणे सोपे होते. पण पुराव्याशिवाय लिहू नका, असे वर्गात रोज सांगणारे आम्हीच!

“खाला, हे फौजेतले शिपाई आहेत. दादा खलाशी होते ना?”

खाला बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नसू देत. यांचीही कुणी वाट पाहिलीच असेल.” आणि त्यांनी फातेहा पढली.

कार्डामागे आम्ही पेन्सिलीने एवढेच लिहिले: वुन्सडॉर्फ, १९१५ किंवा नंतर. नावे माहीत नाहीत.