गॅस जातो कुठे?

२८ एप्रिल, वर्धा

दुपारी बाजारातून परतताना गाडीच्या एसीने दगा दिला. ब्लोअरचा वारा जोरात, पण कोमट. गाडी २००३ सालची. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे ती काढून टाकायचा विचार नाही. पण पुढच्या आठवड्यात आईला तपासणीसाठी नागपूरला न्यायचे आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे, डोळ्यांत धूळ जाता कामा नये. काचा लावून भर उन्हात पाऊणशे किलोमीटर जायचे तर एसी हवाच.

संध्याकाळी बॉनेट उघडून नुसते पाहिले आणि ऐकले. बटण दाबले की कॉम्प्रेसरचा क्लच टक्कन लागतो, काही सेकंदांत सुटतो, पुन्हा लागतो. कंडेन्सरचा पंखा फिरतो आहे. डॅशबोर्डच्या जाळीत ठेवलेला थर्मामीटर २६ अंशांच्या खाली उतरत नाही. हे सगळे टिपून ठेवते. मिस्त्रीला निदानासाठी याचाच उपयोग होईल.

३० एप्रिल

"गॅस संपला असेल ताई, भरून देतो. अर्ध्या तासाचं काम." दुकानदाराने गेज न लावताच निकाल दिला. गॅस गेल्या उन्हाळ्यातही भरला होता. मी गाडी परत आणली.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, ड्रायरमधून जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी त्याचा दाब एकदम उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो. माठातून झिरपलेले पाणी उडून जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेते, तसा हा द्रव उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता घेतो. आमच्या गाडीतला आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे खरे. पण एका वर्षात यंत्रणा रिकामी होत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधायलाच हवी.

२ मे

स्टेशनकडच्या गल्लीतल्या जुन्या एसी मिस्त्रींकडे सकाळीच गेले. माझे टिपण त्यांनी नीट ऐकून घेतले. इंजिन गार असतानाच त्यांनी गेज लावले. हवा ३० अंश होती. गाडी बंद असताना आत थोडा जरी द्रव उरला असेल, तर या तापमानाला दोन्ही काटे शंभर पीएसआयच्या आसपास दिसायला हवेत. आमचे ५५ वर होते. म्हणजे आत नुसती वाफ उरली होती. इंजिन सुरू करून एसी लावला तसा कमी दाबाकडचा काटा झपाट्याने खाली गेला आणि क्लच सुटला. दाब फार उतरला की कॉम्प्रेसर बंद पाडणारा स्विच आपले काम चोख करत होता.

उरलेला गॅस त्यांनी हवेत न सोडता मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतला. मग कोरडा नायट्रोजन भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात काळा, तेलकट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. गॅस निसटतो तिथे ते पाझरते आणि त्यावर धूळ बसते. फेस लावताच तिथे बुडबुडे आले. कूलिंग कॉइल शाबूत निघाली, म्हणून डॅशबोर्ड उतरवावा लागला नाही.

३ मे

कंडेन्सरच्या पत्र्या गंजून झडल्या आहेत, वेल्डिंग टिकणार नाही. नवा घ्यायचे ठरले. ड्रायरही नवा, कारण यंत्रणा उघडली की त्यातली ओलावा शोषणारी खडी हवेतलेच बाष्प पिऊन निकामी होते. ओ-रिंग आर-१३४एला चालणाऱ्या, तेल त्या कॉम्प्रेसरला लागणारेच.

गाड्यांच्या एसीत पूर्वी आर-१२ असायचा. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला आणि आर-१२ मागे पडला. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, मात्र वातावरण तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट आहे. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्यालाही आवर घालायचे ठरले. आमच्या गाडीत ५०० ग्रॅम बसतो. तो सगळा निसटला तर ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका भार हवेवर पडतो. दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरायचा, तर दर उन्हाळ्यात हा भार आपण विकत घेतो.

५ मे

नवे भाग बसले. मिस्त्रींनी पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवला. इतक्या कमी दाबात नळ्यांतले पाणी साध्या तापमानालाच उकळून बाहेर पडते. पंप बंद करून अर्धा तास काटा पाहिला, तो हलला नाही. मग वजनकाट्यावर मोजून ५०० ग्रॅम गॅस भरला. जास्त भरला तर दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो. जाळीत ९ अंश!

६ मे

हिंगणघाटच्या रस्त्यावर फेरी मारली. अर्ध्या तासाने हवा पुन्हा कोमट. तशीच गाडी मिस्त्रींकडे नेली. दोन्ही काटे बरोबरीत आलेले, आत गॅस भरपूर. क्लचच्या कॉइलला वीज पोहोचत होती, पण पुढची प्लेट ओढली जात नव्हती. इतक्या वर्षांत घासून तिच्या आणि पुलीच्या मधली फट मिलिमीटरच्या आसपास गेली होती. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. कॉइल तापली की तिचे चुंबक कमजोर होते आणि एवढी फट ओलांडू शकत नाही. इंजिन बंद करून मिस्त्रींनी प्लेट उतरवली, आतला एक पातळ वॉशर काढला, फिलर गेजने फट मोजली. दाबाचे गेज लावले नसते तर याचेही खापर गॅसवरच फुटले असते.

९ मे

नागपूरला जाऊन आलो. वाटेत सिग्नललाही जाळीतले तापमान १२ च्या वर गेले नाही. आई परतीच्या वाटेवर झोपली होती. डोळा उत्तम भरून येतो आहे.

गाडीच्या कागदपत्रांत एक कार्ड ठेवले: तारीख, गॅसचे वजन, तेलाचा प्रकार, कंडेन्सर आणि ड्रायर नवे, क्लचची फट. पुढचा मिस्त्री कोणीही असो, त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

बिलात दोष शोधण्याची मजुरी वेगळी लिहिली होती. ती मी पूर्ण दिली. गॅसचे पैसे आपण बिनतक्रार देतो आणि माणसाने दिलेल्या वेळेवर घासाघीस करतो, म्हणून न तपासता गॅस भरणारी दुकाने चालतात. जुनी गाडी नीट चालवायची असेल, तर मोजून, शोधून काम करणाऱ्या हातांना त्यांचे मोल मिळालेच पाहिजे.